कारळ्याचा जीनोम वाचायचा तर सुरुवात पाटण-जावळीच्या वरकसातून

सातारा जिल्ह्यात कारळ्याची चटणी माहीत नाही असं घर सापडणार नाही. पण कारळं येतं कुठून, असं विचारलं तर बहुतेक जण वाण्याच्या दुकानाकडे बोट दाखवतील. पाटण, जावळी, महाबळेश्वर या तालुक्यांत भाताची खाचरं संपून डोंगर सुरू होतो, तिथल्या वरकस जमिनीवर नाचणी-वरीच्या फेरपालटात हे पीक टिकून आहे. फारसं खत नाही, फवारणी नाही, पाणी पावसाचं. उत्पन्न हेक्टरी 3-4 क्विंटलांच्या आसपास. 2025-26 साठी केंद्राने कारळ्याला क्विंटलमागे 9,537 रुपये हमीभाव जाहीर केला. त्या वर्षी खरिपाच्या तेलबियांत तो तिळाच्या खालोखाल होता. भाव पुढे गेला, बियाणं मागे राहिलं.

बियाणं मागे राहण्याचं एक मोठं कारण म्हणजे पैदासकाराच्या हातात साधनं नाहीत. कारळ्याच्याच कुळातल्या सूर्यफुलाचा 3.6 अब्ज क्षारकांचा (डीएनएतल्या ‘अक्षरांचा’) जीनोम, म्हणजे सगळ्या डीएनएचा आराखडा, 2017 मध्ये प्रसिद्ध झाला आणि तिथे मार्करच्या, म्हणजे डीएनएवरच्या ओळखखुणांच्या, आधारे निवड आता रुळली आहे. कारळ्यासाठी 2010 मध्ये व्यक्त (पेशीत सक्रिय असलेल्या) जनुकांच्या तुकड्यांचा संग्रह, काही मायक्रोसॅटेलाइट (डीएनएच्या पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांचे) मार्कर आणि सुमारे दीड लाख क्षारकांचा हरितलवकाचा जीनोम उपलब्ध झाला. पुढे इथिओपिया आणि स्वीडनच्या संशोधकांनी आरएनएवरून, म्हणजे सक्रिय जनुकांच्या पेशीत निघणाऱ्या प्रतींवरून, आणखी मार्कर शोधले. सह्याद्रीतल्या कारळ्याची नीट ओळख करून घ्यायची तर ते काम इथेच उभं राहिलं पाहिजे. सातारा, कराड, पाटणच्या महाविद्यालयांतले वनस्पतिशास्त्राचे, जैवतंत्रज्ञानाचे, कृषीचे प्राध्यापक आणि पीएचडीचे विद्यार्थी ते करू शकतात अशी माझी खात्री आहे. त्यांच्यासाठी हा लेख.

आधी पिकाचा स्वभाव समजून घ्या

कारळा, शास्त्रीय नाव गायझोशिया अ‍ॅबिसिनिका. मूळ इथिओपियाचा. पेशीत 30 गुणसूत्रं, म्हणजे 15 जोड्या. या झाडाला स्वतःचा पराग चालत नाही. फुलात नर-मादी दोन्ही भाग असूनही स्वतःच्या परागाने दाणा जवळजवळ भरत नाही. दुसऱ्या झाडाचा पराग मधमाशीने आणून द्यावा लागतो.

पुढचा प्रत्येक टप्पा या एका गोष्टीने ठरतो. भात किंवा गव्हात एका वाणाची सगळी झाडं जवळपास सारखी असतात, त्यामुळे एका झाडाचं पान घेतलं की वाणाचा डीएनए मिळाला असं म्हणता येतं. कारळ्यात एका शेतातली दोन शेजारची झाडंही वेगळी, आणि प्रत्येक झाडात आईकडून व बापाकडून आलेल्या गुणसूत्रांच्या प्रती एकमेकींपासून वेगळ्या. भाताची पद्धत उचलून कारळ्यावर लावली तर पैसे खर्च होतात आणि आकडे दिशाभूल करतात.

पहिला टप्पा: प्रश्न ठरवा, मग गावात जा

‘कारळ्याचा जीनोम करायचा आहे’ हा प्रश्न नव्हे. शेतकऱ्याला विचारलं तर तो नेमक्या गोष्टी सांगतो: सगळी बोंडं एकदम पिकत नाहीत, कापणीला उशीर झाला तर दाणा झडतो, झाड लोळतं, अमरवेल पसरली की शेत जातं. घाणेवाला तेलाचा उतारा विचारतो. यातले दोन, फार तर तीन गुण निवडा. मी निवडायचे झाले तर एकसारखं पक्व होणं आणि तेलाचं प्रमाण हे दोन घेईन. पहिल्यात शेतकऱ्याचा थेट फायदा आहे, दुसरा प्रयोगशाळेत बिनचूक मोजता येतो.

गोळा करायला निघण्याआधी कागदपत्रं. 2002 चा जैवविविधता कायदा, ज्यात 2023 मध्ये दुरुस्ती झाली, तो नीट वाचून घ्या. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला लेखी कळवा आणि गावाच्या लोक जैवविविधता नोंदवहीत कारळ्याची नोंद आहे का बघा. नसेल तर करून देण्यात मदत करा. शंका असेल तर नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाला पत्र लिहा. नमुने परदेशी प्रयोगशाळेत पाठवण्याचा विचार असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते. सिक्वेन्सिंगची, म्हणजे डीएनए वाचण्याची, सोय देशात आहे, त्यामुळे शक्य तो ते इथेच करावं.

दुसरा टप्पा: बियाणं गोळा करणं

सगळ्या कामात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा टप्पा, आणि घाईत उरकला जातो तोही हाच. मशीन आज नाही तर पाच वर्षांनी स्वस्त मिळेल. एखाद्या वाडीतलं पिढ्यान्‌पिढ्या राखलेलं कारळं गेलं की ते परत आणता येत नाही. कोयना आणि सोळशीच्या खोऱ्यांतल्या उतारावरच्या वाड्यांमध्ये शेती करणारी माणसं कमी होत आहेत, तरुण मुंबई-पुण्याला आहेत, आणि वरकस पडीक राहिलं की त्याबरोबर तिथलं बियाणंही थांबतं.

कापणीच्या थोडं आधी, साधारण ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरात जा. शेतातल्या किती झाडांची बोंडं घ्यायची याचं गणित सोपं आहे. जनुकाचं एखादं रूप त्या शेतात 5 टक्के प्रमाणात असेल, तर एका प्रतीत ते नसण्याची शक्यता 0.95. 59 प्रती घेतल्या तर एकातही ते न सापडण्याची शक्यता 0.95 चा 59 वा घात, म्हणजे 5 टक्क्यांहून थोडी कमी. प्रत्येक झाडात दोन प्रती, म्हणून 30 झाडं ही किमान संख्या. जवळजवळची झाडं एकमेकांची भावंडं असण्याचा संभव असल्याने मी 60 ते 100 झाडं सुचवेन. बांधाकडची रांग सोडून द्या, शेतात तिरकं चालत जा आणि ठरावीक पावलांवर येणारं झाड घ्या. भरलेलं, देखणं झाड निवडायचा मोह आवरा. इथे निवड करायची नाही, जे आहे ते जसंच्या तसं उचलायचं आहे.

60 झाडांची बोंडं एका पिशवीत एकत्र, आणि आणखी 30 झाडांची प्रत्येकी वेगळ्या कागदी पाकिटात. प्लास्टिक नको, दाणा घामेजतो. पाकिटावर पेन्सिलने लिहा, पाकिटाच्या आत दुसरी चिठ्ठी टाका.

नोंदीत काय हवं? गाव आणि वाडीचं नाव, तिथले लोक लिहितात तसंच, अक्षांश, रेखांश, समुद्रसपाटीपासून उंची, उताराची दिशा, मागच्या वर्षी त्या जमिनीत काय होतं, पेरणी केव्हा झाली, बियाणं घरचं की बाजारचं, घरचं असेल तर किती वर्षांचं, आणि आधी कुणाकडून आलं. शेवटचा प्रश्न घरातल्या बाईला विचारा. बियाणं मडक्यात, राखेत कोण ठेवतं हे ज्यांना माहीत आहे, त्यांना मी हे वेगळं सांगायला नको. माहेरून आणलेलं बियाणं असेल तर नकाशावरचं ठिकाण आणि बियाण्याचं मूळ यांत खोऱ्यांचं अंतर असू शकतं, आणि पुढे जनुकीय विश्लेषणात एखादा नमुना ‘चुकीच्या’ गटात दिसला की उत्तर याच नोंदीत सापडतं.

दुकानातलं चटणीचं कारळं संग्रहात घेऊ नका, त्याचा ठावठिकाणा लागत नाही. पक्ष्यांच्या खाद्यासाठी निर्यात होणारं कारळं तर अमरवेलीचं बी मरावं म्हणून उष्णतेची प्रक्रिया दिलेलं असतं. गोळा केलेल्या बियांतूनही अमरवेलीचं बी चाळून, भिंगाखाली पाहून काढा. नाहीतर आपणच ते एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात नेऊ.

बी सावलीत वाळवा आणि ओलावा 5-6 टक्क्यांवर आणून हवाबंद पाकिटात, थंडीत ठेवा. तेलबी असल्याने गरम खोलीत उगवणशक्ती लवकर जाते. प्रत्येक नमुन्याचा एक वाटा नवी दिल्लीच्या राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे द्या आणि आयसी क्रमांक, म्हणजे तिथला नोंदणी क्रमांक, मिळवा. ब्यूरोचं एक केंद्र अकोल्याला आहे. हा क्रमांक नसेल तर तुमचा शोधनिबंध वाचून कुणाला ते बियाणं मागायचं असेल तर मागता येणार नाही. तुलनेसाठी महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या इगतपुरी केंद्राचा आयजीपी-76 म्हणजेच ‘सह्याद्री’ यासारखे प्रसारित वाण मिळवा. तीळ आणि कारळ्याच्या अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाचं मुख्यालय जबलपूरला आहे. त्यांना सुरुवातीलाच कळवलेलं चांगलं.

तिसरा टप्पा: नमुना न बिघडवता बी वाढवणं

गोळा केलेलं बी थोडं असतं, ते वाढवावं लागतं. नमुने शेजारी-शेजारी पेरले तर मधमाश्या एका हंगामात सगळ्यांची सरमिसळ करतात. काही शे मीटरचं अंतर ठेवलं तरी माशी त्यापलीकडे जाते. दोन मार्ग आहेत. पहिला, प्रत्येक नमुन्याची निदान 50 झाडं बारीक जाळीच्या मांडवात लावायची आणि आत मधमाश्यांची छोटी वसाहत ठेवायची. यासाठी आपला जिल्हा नशीबवान आहे. महाबळेश्वरला मध संचालनालय आहे, आणि त्याच तालुक्यातलं मांघर हे 2022 मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. सातेरी माश्या सांभाळणारी अनुभवी माणसं तिथे आहेत. पेट्या त्यांच्याकडून घ्या आणि त्यांना मोबदला द्या.

दुसरा मार्ग कमी खर्चाचा: फुलं उमलण्याआधी बोंडांना कापडी पिशव्या बांधायच्या आणि उमलल्यावर त्याच नमुन्यातल्या दोन झाडांची फुलं सकाळी एकमेकांवर घासायची. चार-पाच दिवस रोज, कारण बोंडातली फुलं कडेकडून आत अशी क्रमाने उमलतात. मजूर लागतात, पण 10-15 नमुन्यांपर्यंत हे झेपतं.

चौथा टप्पा: कोणतं एक झाड वाचायचं?

संदर्भ जीनोम, म्हणजे बाकीचे नमुने ज्याच्याशी ताडून पाहायचे तो, एका झाडाचा असतो, म्हणून त्या झाडाची निवड विचारपूर्वक हवी. कारळ्याचं आयुष्य साडेतीन महिन्यांचं. पानं तोडून डीएनए काढला, तो कमी पडला आणि तोवर झाड वाळलं, तर सगळं पुन्हा. म्हणून निवडलेल्या झाडाचे ऊतिसंवर्धनाने क्लोन करून ठेवा. कारळा काचेच्या बाटलीत चांगला फुटतो. परागकोशांच्या संवर्धनातून एकगुणित, म्हणजे गुणसूत्रांचा एकच संच असलेली, रोपं मिळाल्याच्याही नोंदी आहेत. तसं रोप साधलं आणि त्याची गुणसूत्रं दुप्पट केली तर दोन प्रतींचा प्रश्नच उरत नाही. ज्या महाविद्यालयाकडे ऊतिसंवर्धनाची बरी प्रयोगशाळा आहे, त्यांनी या दिशेने एक वर्ष घालवलं तर पुढचं बरंच काम हलकं होईल.

जीनोमचा आकार फ्लो सायटोमेट्रीने (पेशीकेंद्रातल्या डीएनएचं प्रमाण प्रकाशाने मोजण्याच्या पद्धतीने) मोजून घ्या. सिक्वेन्सिंगचं कंत्राट देण्याआधी हा आकडा हातात हवा. सूर्यफुलाइतका, म्हणजे 3.6 अब्ज क्षारकांचा धरला तर 30 पट वाचनासाठी, म्हणजे प्रत्येक जागा सरासरी 30 वेळा वाचण्यासाठी, 108 अब्ज क्षारकांचा डेटा लागतो. आकाराचा अंदाज निम्म्याने चुकला तर अंदाजपत्रकही निम्म्याने चुकतं.

पाचवा टप्पा: डीएनए आणि आरएनए

कारळ्याच्या पानात चिकट शर्करा आणि फिनॉलयुक्त द्रव्यं असल्याने डीएनए तपकिरी आणि बुळबुळीत येण्याची भीती असते. कोवळी पानं घ्या, काढण्याआधी रोप एक-दोन दिवस अंधारात ठेवा, म्हणजे स्टार्च उतरतो. सीटीएबी या डीएनए काढण्याच्या पद्धतीच्या द्रावणात फिनॉलांना आवर घालणारी पीव्हीपी आणि मर्कॅप्टोइथेनॉल ही द्रव्यं घाला, 65 अंशाला ठेवा. लांब तुकडे हवे असतील तर नळी जोरात हलवायची नाही, रुंद तोंडाच्या टिपा वापरायच्या. शुद्धता पाहण्यासाठी प्रकाशशोषणाचं (तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये) 260/280 चं गुणोत्तर 1.8 ते 2.0 मध्ये आणि 260/230 चं 1.8 च्या वर हवं. प्रमाण क्युबिट या यंत्रावर मोजा, ते फक्त डीएनए मोजतं. नॅनोड्रॉप या दुसऱ्या यंत्राचा आकडा आरएनए मिसळलेला असेल तर फुगतो.

केवळ मार्करसाठी पानं घ्यायची असतील तर सिलिका जेलमध्ये वाळवलेली चालतात. लांब वाचनाला आणि आरएनएला चालत नाहीत. ती तिथेच द्रव नायट्रोजनमध्ये, उणे 196 अंशाला गोठवावी लागतात. डोंगरात नायट्रोजन कुठून आणायचा? आपल्याकडे गावोगाव कृत्रिम रेतन चालतं आणि रेतमात्रा द्रव नायट्रोजनच्या कंटेनरमध्येच ठेवतात. पशुवैद्यकीय दवाखाना किंवा दूध संघाकडे रीतसर विनंती केली तर पुरवठा कधी आणि कुठून येतो ते कळतं. कंटेनर मात्र स्वतःचा न्या आणि बंद गाडीत काच उघडी ठेवा. वायू साठला तर जीव गुदमरतो.

आरएनएसाठी मूळ, पान, कळी घ्याच, पण खरा भर भरत्या दाण्यावर द्या. परागण झाल्यावर 10, 15, 20, 25 आणि 30 दिवसांनी. बोंडांना रंगीत दोरे बांधून तारीख ओळखा आणि दाणे फक्त कडेच्या वर्तुळातले घ्या, म्हणजे वय सारखं राहतं. प्रत्येक वयाचे तीन संच, आणि झाडागणिक फरक असल्याने प्रत्येक संचात 8-10 झाडांचे दाणे. इथिओपियातल्या कारळ्याच्या तेलात लिनोलिक आम्ल 70 टक्क्यांच्या पुढे जातं. भारतीय कारळ्यात ते कमी आणि ओलिक जास्त असल्याच्या नोंदी आहेत. ओलिकचं लिनोलिक करणारं एफएडी2 हे जनुक कोणत्या दिवशी किती बोलतं, ते या नमुन्यांतून दिसेल. ओलिक जास्त असलेलं तेल लवकर खवट होत नाही, त्यामुळे घाण्याच्या दृष्टीनेही हा शोध महत्त्वाचा आहे.

सहावा टप्पा: जुळणी

परपरागित झाडाचा जीनोम जुळवणं म्हणजे एकाच पोथीच्या दोन हस्तलिखितांची पानं मिसळून गेलेली असताना दोन्ही वेगळी लावणं. तोकड्या वाचनाने हे होत नाही. पॅकबायो कंपनीचं हायफाय (लांब आणि अचूक) वाचन आणि त्याच्या जोडीला हाय-सी (पेशीत डीएनएचे कोणते भाग एकमेकांजवळ असतात ते दाखवणारी पद्धत) घेतलं तर हायफायअ‍ॅझम हे सॉफ्टवेअर दोन्ही प्रती वेगळ्या करून देतं. जुळणी झाल्यावर प्रत्येक प्रतीत 15 मोठे गट पडले पाहिजेत, गुणसूत्रांच्या जोड्यांइतके. बुस्को हे तपासणीचं सॉफ्टवेअर लावून जनुकांची पूर्णता पाहा. त्यात ‘दुहेरी’ जनुकांचा टक्का खूप आला तर दोन प्रती एकातच अडकल्या असण्याची शंका घ्या.

एवढ्या मोठ्या जीनोमला महाविद्यालयातला संगणक पुरत नाही. पुण्याच्या आयसर संस्थेत राष्ट्रीय महासंगणन अभियानातला परम ब्रह्म आहे. अशा केंद्रांकडे वेळ मागता येतो. जीनोममध्ये कोणतं जनुक कुठे आहे याची नोंद आरएनएच्या आधारे ब्रेकरसारख्या सॉफ्टवेअरने होते आणि त्याची माहितीपुस्तिका पुरेशी आहे.

इतकं करायला निधी नसेल तर थांबू नका. आरएनएचा संच आणि मार्कर एवढ्यावरही पैदासीचं काम सुरू होतं. संदर्भ जीनोम नंतर आला तरी जुना डेटा त्यावर बसवता येतो.

सातवा टप्पा: मार्कर, आणि शेतातली मोजणी

विविधतेसाठी जीबीएस (जीनोमचा ठरावीक थोडाच भाग वाचून मार्कर काढण्याची) पद्धत परवडते, पण वाचनाची खोली कमी ठेवू नका. एखाद्या जागी झाडात दोन वेगळी रूपं असली आणि ती जागा फक्त 5 वेळा वाचली गेली, तर पाचही वेळा एकच रूप दिसण्याची शक्यता 16 त 1. दहा वेळा वाचली तर 512 त 1. भातात या चुकीने फार बिघडत नाही. कारळ्यात निम्मा निष्कर्ष यावर उभा असतो. 96 खणांच्या प्रत्येक प्लेटमध्ये एक खण रिकामा ठेवा आणि एक नमुना दुबार घाला.

आता गाभ्याचा प्रश्न. शेतात तुम्ही मोजता तो प्लॉट, त्यात 100 वेगवेगळी झाडं. डीएनए काढता एका झाडाचा. या दोन आकड्यांची सांगड घालणं म्हणजे एका माणसाचं रक्त तपासून गावाचा रक्तगट सांगणं. यावर उपाय असे: एकतर 30 झाडांच्या पानांच्या सारख्या आकाराच्या चकत्या एकत्र करून नमुन्यातलं प्रत्येक रूपाचं प्रमाण काढा आणि ते प्लॉटच्या सरासरीशी जोडा. किंवा एका मादी झाडाचं बी एका ओळीत पेरून ओळींची तुलना करा. मग त्या मादी झाडाचा डीएनए कामाला येतो. वेगळी ठेवलेली ती 30 पाकिटं इथे उपयोगी पडतात.

चाचणी निदान दोन खरिपांत आणि दोन ठिकाणी हवी: एक पश्चिमेच्या जास्त पावसाच्या पट्ट्यात शेतकऱ्याच्या वरकसावर, दुसरी कराडचं कृषी महाविद्यालय किंवा बोरगावचं कृषी विज्ञान केंद्र यांच्या सहकार्याने सपाटीवर. नमुने पुष्कळ आणि बी कमी असेल तेव्हा सगळे नमुने एकेकदा पेरा आणि तुल्यवाण, म्हणजे तुलनेसाठी घेतलेले प्रसारित वाण, प्रत्येक गटात पुन्हा पुन्हा घाला. मोजायचं काय: 50 टक्के झाडं फुलायला लागलेले दिवस, पहिलं आणि शेवटचं बोंड पिकण्यातलं अंतर, झाडामागे बोंडं, हजार दाण्यांचं वजन, झडलेले दाणे. तेल एनएमआर यंत्रावर (दाणा न फोडता तेल मोजणाऱ्या), दाणे नीट वाळवून, कारण ओलावा राहिला तर यंत्र पाणीही तेलात धरतं. फॅटी आम्लं गॅस क्रोमॅटोग्राफीवर.

माझं स्पष्ट मत आहे की निधीचा निम्मा वाटा शेतातल्या मोजणीला आणि तिथे राबणाऱ्या माणसांना द्यावा. परपरागित पिकात एकेक जनुक शोधायला मार्कर खूप दाट लागतात. त्यापेक्षा सगळ्या मार्करांवरून झाडाची एकत्रित किंमत काढणारी जीनोमिक निवड लवकर फळ देईल. तिचा पाया शेतातले आकडे हाच आहे.

आठवा टप्पा: डेटा आणि हक्क

कच्चा डेटा फरिदाबादच्या भारतीय जैविक डेटा केंद्रात जमा करा, आयसी क्रमांकांसह. शेतकऱ्यांची नावं आणि शेताचे नेमके अक्षांश-रेखांश उघड करायचे का, हे त्यांना विचारून ठरवा. नकार आला तर फक्त तालुका लिहा.

2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याखाली शेतकरी किंवा शेतकऱ्यांचा समूह आपलं पारंपरिक वाण स्वतःच्या नावाने नोंदवू शकतो. तुम्ही जमवलेली वर्णनं आणि मोजण्या या अर्जाला लागणाऱ्याच असतात. एखाद्या वाडीचं कारळं खरोखर वेगळं निघालं तर शोधनिबंध पाठवण्याआधी त्यांचा अर्ज भरून द्या. वाढवलेल्या बियातले काही किलो पेरणीच्या आधी, मेअखेरीला त्या-त्या गावात पोहोचवा, सोबत तेलाच्या उताऱ्याचा आणि पक्वतेच्या दिवसांचा मराठीत लिहिलेला कागद. कोणत्या घराला किती बी दिलं, त्याची नोंद मूळ पाकिटाच्या क्रमांकाखालीच ठेवा; पुढच्या दिवाळीनंतर त्याच घरी जाऊन उगवण, अमरवेल आणि उत्पन्न विचारायचं आहे.